पाहुण्यांच्या खोलीतली जमीन

इ.स.पू. 348 मध्ये मॅसिडोनियाच्या फिलिप राजाने, म्हणजे अलेक्झांडरच्या बापाने, उत्तर ग्रीसमधलं ऑलिंथस नावाचं शहर घेतलं, माणसं गुलाम म्हणून विकली, शहर उद्ध्वस्त केलं, आणि नेमकं त्यामुळेच आज आपल्याला साध्या ग्रीक माणसाचं घर कसं होतं ते इतकं नीट कळतं. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण खरं आहे. बाकीच्या शहरांत लोक राहत गेले, जुन्या भिंती पाडून नव्या उठवत गेले, त्यामुळे खाली काय होतं त्याचा पत्ता लागणं कठीण. ऑलिंथसच्या उत्तरेकडच्या टेकडीवर मात्र घरं पडली ती तशीच पडून राहिली. 1928 ते 1938 या दहा वर्षांत डेव्हिड रॉबिन्सन या अमेरिकन प्राध्यापकाने तिथे चार हंगाम खोदकाम केलं आणि शंभराहून जास्त घरं उघडी केली. देवळं नाहीत, नाट्यगृह नाही, घरं! मला या माणसाच्या कामाबद्दल फार कृतज्ञता वाटते, कारण ग्रीस म्हटलं की सगळे संगमरवरी खांबांकडे धावतात, आणि माणसं झोपली कुठे, अंघोळ कुठे केली, पोरं कुठे रांगली हे कुणी विचारत नाही.

मी हल्ली या घरांचे नकाशे बघत बसते. नकाशा वाचायला लागलं की सुटत नाही, एक खोली कळली की शेजारच्या खोलीचं काय असा प्रश्न पडतोच.

तर टेकडीवर सरळ रस्ते आखलेले, उत्तर-दक्षिण मोठे, पूर्व-पश्चिम लहान, आणि त्यांच्या मधल्या एकेका तुकड्यात दहा घरं, पाच-पाचच्या दोन रांगा. दोन रांगांच्या मधे एक अरुंद बोळ, सांडपाणी आणि पावसाचं पाणी वाहून न्यायला. प्रत्येक घर साधारण 17 मीटर लांब, 17 मीटर रुंद, म्हणजे जवळपास चौरसच. शेजाऱ्याची आणि आपली भिंत एक. जोतं दगडाचं, वर मातीच्या कच्च्या विटा, त्यावर गिलावा, वर कौलं. बाहेरून बघितलं तर कुठलं घर कुणाचं ते ओळखू येऊ नये इतकं सारखं. आत शिरलं की मात्र अंगण, आणि अंगणाच्या उत्तरेला घराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारी एक लांब ओसरी, तिला पास्तास म्हणतात. ओसरीच्या मागे खोल्या. आपल्याकडे जुन्या वाड्यात चौकाच्या कडेने सोपा असतो आणि घर खरं तिथेच राहतं, स्वयंपाकघर नि देवघर सोडलं तर दिवसभर सगळी माणसं सोप्यातच सापडतात, तसंच काहीसं इथे असणार.

ओसरी अंगणाच्या उत्तरेला आणि तिचं तोंड दक्षिणेला का, याचं उत्तर सॉक्रेटिसच्या शिष्याने, झेनोफोनने, सॉक्रेटिसच्या तोंडी दिलंय आणि ते इतकं साधं आहे की वाचून मी खूश झाले. तो म्हणतो, दक्षिणेकडे तोंड असलेल्या घरात हिवाळ्यात ऊन ओसरीत शिरतं, उन्हाळ्यात सूर्य डोक्यावरून, छपरावरून जातो आणि सावली मिळते, म्हणून दक्षिणेकडे बघणारा भाग उंच बांधावा म्हणजे हिवाळ्याचं ऊन अडणार नाही, आणि उत्तरेकडचा भाग बुटका ठेवावा म्हणजे गार वारा लागणार नाही. बस. घर सुंदर कशाला म्हणायचं तर ज्यात सगळ्या ऋतूंत सुखाने राहता येतं आणि सामान सुरक्षित राहतं त्याला, असा त्याचा एकूण मुद्दा. आणि तो पुढे असंही म्हणतो की भिंतीवरची चित्रं आणि नक्षी सुख देतात त्यापेक्षा जास्त सुख हिरावून घेतात. मला सॉक्रेटिसचं पहिलं सगळं पटतं, हे शेवटचं पटत नाही, आणि का पटत नाही तेच इथे सांगायचंय.

कारण याच साध्या घरांत एक खोली साधी नव्हती.

तिचं नाव अँड्रॉन, पुरुषांची खोली, म्हणजे घरमालकाने आपल्या मित्रांना बोलावून जेवायची, प्यायची, गप्पा मारायची खोली. बहुतेक वेळा घराच्या कोपऱ्यात, बाहेरच्या भिंतीला लागून, आणि आत जायच्या आधी एक छोटी बाहेरची खोली. नकाशात ती लगेच ओळखता येते कारण तिचं दार मधोमध नसतं, एका बाजूला सरकलेलं असतं, आणि त्याला कारण आहे, भिंतीच्या कडेने पलंग लावायचे असतात, एकामागे एक डोकं-पाय करत, तर हिशेब असा बसतो की दार बाजूला घेतलं तरच ते नीट मावतात. सात पलंग मावणारी खोली ही नेहमीची. पलंगांसाठी भिंतीलगत चुन्याचा घट्ट, जरासा उंच कट्टा आणि मधली जमीन खाली. पाहुणे डाव्या कोपरावर रेलून पडणार, समोर छोटी टेबलं, मधे मोकळी जागा. आणि त्या मधल्या मोकळ्या जागेत, ज्यांना परवडलं त्यांच्या घरी, नदीतल्या गोट्यांचं चित्र.

गोटे म्हणजे खरंच गोटे. कापलेले नाहीत, रंगवलेले नाहीत. पाण्याने घासून गुळगुळीत झालेले काळे आणि पांढरे, मधूनच तांबूस, पिवळसर, हिरवट. खाली दगडांचा भराव, त्यावर चुन्याचा थर, आणि वरच्या मऊ थरात तो वाळायच्या आत एकेक गोटा दाबून बसवायचा. काळ्या जमिनीवर पांढरी आकृती, आणि पांढऱ्या अंगावर स्नायू नि डोळे दाखवायला पुन्हा काळ्या गोट्यांची रेघ. ऑलिंथसच्या एका घरात ग्रीक पुराणकथेतला वीर बेलेरोफोन पेगासस नावाच्या पंखवाल्या घोड्यावर बसून खालच्या कायमेरा नावाच्या राक्षसी प्राण्याला भाला मारतोय. हे चित्र मी पुन्हा पुन्हा बघितलंय. त्यात दूर-जवळ नाही, सावली नाही, घोडा जवळजवळ कापून चिकटवल्यासारखा सपाट आहे, आणि तरी तो उडतोय. आणि हे सामान तर जवळपास फुकटचं. गोटे नदीवर, समुद्रावर पडलेले असतात, किंमत त्यांची नाही, किंमत ते निवडायला, रंगाप्रमाणे आणि आकाराप्रमाणे वेगळे करायला आणि एकेक बसवायला जो वेळ लागला त्याची.

गोट्यांची जमीन ग्रीकांच्या आधीही होती. तुर्कस्तानातल्या गॉर्डियनला इ.स.पू. नवव्या शतकातली सापडलीय, पण तिथे नुसते आकार, चौकोन, तारे विखुरलेले. माणसं, घोडे आणि गोष्टी गोट्यांतून सांगायचं काम ग्रीकांनी इ.स.पू. पाचव्या शतकाच्या अखेरीपासून सुरू केलं आणि चौथ्या शतकात ते घरोघरी, म्हणजे बऱ्या घरोघरी, पोचलं.

आता अँड्रॉनमध्येच का? एक कारण अगदी घरगुती आहे, धुवायला सोपं. पाहुण्यांसमोर कॉट्टाबॉस नावाचा खेळ चालायचा, प्याल्याच्या तळाशी उरलेली दारू झोकून नेमावर मारायची, म्हणजे जमिनीवर काय राडा होत असेल विचार करा, शिवाय हाडं, सालं, सगळं खालीच. मातीच्या जमिनीवर हे चाललं असतं तर चिखल झाला असता. इथे पाणी ओतायचं, घासायचं, पाणी बाहेर काढून द्यायचं. पुढे पर्गमॉनच्या सोसस नावाच्या कारागिराने जेवणानंतर न झाडलेली जमीनच मोझॅकमध्ये कायमची चितारली, उष्टं-खरकटं पडलंय असं, आणि रोमन लेखक प्लिनीने त्याची नोंद करून ठेवली. मला हे फार आवडतं, कारण रोज कुणीतरी जे पुसून टाकत होतं तेच त्याने ठेवून दिलं.

पण ते रोज पुसणारं कोण? इथे मी अडकते आणि इथून मला पुढे जाववत नाही. पलंगावर एकेक किंवा दोघे-दोघे रेललेल्या सात किंवा चौदा पुरुषांना ते चित्र संध्याकाळी दिव्याच्या उजेडात दिसायचं, तेही अर्धं लक्ष गप्पांत. घरच्या बायका पाहुणे असताना त्या खोलीत येत नसत. पण दुसऱ्या दिवशी सकाळी, स्वच्छ उजेडात, गुडघ्यावर बसून पेगाससच्या पंखावरून हात फिरवत ती जमीन धुतली असेल ती घरच्या गुलाम बाईने, कदाचित घरधनिणीने उभं राहून करवून घेतलं असेल, आणि म्हणून मला वाटतं की त्या गोट्यांची सगळ्यात जास्त ओळख जिला होती तिच्यासाठी ते बसवलेच नव्हते.

घराच्या बाकीच्या भागात काय सापडलं ते बघितलं की हे जास्तच जाणवतं. ओसरीच्या मागच्या आणि अंगणाच्या बाजूच्या खोल्यांत मातीची वजनं सापडतात, मुठीत मावतील एवढी, वर भोक असलेली. ती मागाची. ग्रीक माग उभा असायचा, भिंतीला टेकवलेला, आणि ताण्याचे धागे खाली ताणून धरायला ही वजनं बांधायची. लाकूड कुजलं, धागे गेले, वजनं राहिली, कधी ओळीने, म्हणजे शहर पडलं तेव्हा माग तिथे उभा असावा. स्वयंपाकाची जागा पण नकाशात सापडते, मोठी खोली, तिला लागून धूर वर जाण्यासाठी एक अरुंद भाग, आणि त्याला लागूनच छोटी न्हाणी, त्यात भाजलेल्या मातीचं टब, बसून अंघोळ करायची. चुलीशेजारीच न्हाणी म्हणजे गरम पाणी जवळ आणि थंडीत ऊब पण. या छोट्या खोलीचा विचार ज्याने केला त्याला मी बेलेरोफोन काढणाऱ्याइतकाच मोठा मानते.

पूर्वी अभ्यासक म्हणायचे की घराचे दोन कप्पे होते, पुरुषांचा आणि बायकांचा, आणि झेनोफोनच्याच दुसऱ्या एका पुस्तकात इस्कोमाकस नावाचा गृहस्थ नव्या नवरीला घर दाखवताना तसं सांगतोही, मधे कडी लावलेलं दार आहे म्हणून. पण खोदकामात बायकांचा असा वेगळा बंद भाग काही दिसत नाही. अँड्रॉन सोडली तर बाकी सगळं घर घरच्यांचं, आणि खोल्यांचा वापर गरजेप्रमाणे बदलणारा. याचा पुरावा एका खुनाच्या खटल्यात आहे. लिसियस नावाच्या, लोकांना कोर्टातली भाषणं लिहून देणाऱ्या माणसाने अथेन्समधल्या युफिलेटस नावाच्या माणसासाठी लिहिलेलं भाषण उरलंय, बायकोच्या प्रियकराला घरात पकडून मारल्याबद्दल तो स्वतःचा बचाव करतोय, आणि बोलता बोलता घराचं वर्णन करून जातो. छोटं दोन मजली घर, वर बायका, खाली पुरुष. मग मूल झालं. बाळाला धुवायला बायकोला जिन्यावरून उतरावं लागू नये, पडायची भीती, म्हणून हा वर राहायला गेला आणि बायका खाली आल्या. झालं, सगळी व्यवस्था उलटी, एका तान्ह्या मुलामुळे! एका रात्री अंगणाचं दार आणि बाहेरचं दार वाजलं, सकाळी त्याने विचारलं तर बायको म्हणाली बाळाजवळचा दिवा विझला होता, शेजारून पेटवून आणला. खटल्याचं खरंखोटं त्यांचं त्यांना माहीत, पण जिन्याबद्दल आणि दिव्याबद्दल तो कोर्टात उगाच खोटं बोलणार नाही, ऐकणाऱ्या प्रत्येकाच्या घरी तसंच चालत असणार म्हणूनच त्याने ते सांगितलं.

आणि या मातीच्या भिंती. त्या किती कच्च्या होत्या ते इ.स.पू. 431 मध्ये प्लाटाइया नावाच्या गावाला कळलं. शेजारच्या थीब्स शहराची माणसं रात्री गावात घुसली तेव्हा गावकऱ्यांनी रस्त्यावर न येता एकमेकांच्या घरांमधल्या भिंती पोखरल्या, घरातून घरात जात एकत्र जमले आणि मग हल्ला चढवला, आणि बायका आणि गुलाम छपरांवरून आरडाओरडा करत दगड आणि कौलं फेकत होते. इतिहासकार थ्युसिडिडीसने लिहून ठेवलंय. त्याच वर्षी अॅटिकाच्या, म्हणजे अथेन्सभोवतालच्या मुलखाच्या, खेड्यांतले लोक अथेन्सच्या तटात आसऱ्याला आले तेव्हा बायका, मुलं, सामान आणि घरांचं लाकूडसुद्धा काढून घेऊन आले. माती पुन्हा मिळेल, लाकूड कुठून आणणार!

आता परत ऑलिंथस. टेकडीवरच्या सारख्या घरांपासून दूर, पूर्वेच्या सपाटीवर एक मोठं घर सापडलं, त्याला आज सौभाग्याचं घर म्हणतात कारण त्याच्या जमिनीत गोट्यांनीच शब्द लिहिलेत, सौभाग्य सुंदर असो, शुभ दैव, अशा अर्थाचे. त्याच्या अँड्रॉनमध्ये मद्याचा देव डायोनिसस चित्त्यांच्या रथात बसलाय, भोवती नाचणाऱ्या बायका, आणि तिथेच दुसऱ्या चित्रात समुद्रदेवी थेटिस आणि तिच्या बहिणी समुद्रप्राण्यांवर बसून थेटिसच्या मुलासाठी, अकिलीससाठी, शस्त्रं आणताहेत. ही जमीन केली आणि फार वर्षं गेली नाहीत तोवर फिलिप आला. गोफणीतून मारायच्या शिशाच्या गोळ्या शहरात सापडल्यात आणि काहींवर चक्क फिलिपचं नाव आहे. शुभ दैव लिहिलेल्या घराच्या गावात. मी यावर काही बोलू शकत नाही.

अथेन्समध्ये डिमॉस्थेनिस हा वक्ता तेव्हा ओरडून सांगत होता की ऑलिंथसला मदत पाठवा. त्याची तीन भाषणं उरलीत आणि तिसऱ्यात तो घरांबद्दल बोलतो! म्हणतो, आपल्या पूर्वजांनी सार्वजनिक इमारती इतक्या भव्य बांधल्या की पुढच्यांना जागा ठेवली नाही, पण मिल्टियाडीसचं, अॅरिस्टायडीसचं घर कुणाला माहीत असेल तर बघा, शेजाऱ्याच्या घराहून जराही मोठं नाही, आणि आताच्या काही पुढाऱ्यांची घरं मात्र सरकारी इमारतींपेक्षा दिमाखदार झालीत. ऑलिंथसला वाचवण्यासाठीच्या भाषणात हे येतं, ज्या ऑलिंथसमध्ये दहा-दहा घरं सारख्या मापात उभी होती. मदत निघाली, उशिरा निघाली.

पुढची गोष्ट मग जिंकणाऱ्यांच्या घरातली. पेल्ला, मॅसिडोनियाची राजधानी, चौथ्या शतकाच्या अखेरीची घरं, 1957 पासून उघडी होत गेली. एकेक घर ऑलिंथसच्या आठ-दहा घरांएवढं, चहूबाजूंनी खांबांचं अंगण, आणि अँड्रॉन एक नाही, एका घरात कितीतरी. गोटेही बदलले, लहान झाले, रंगांच्या छटा वाढल्या, आणि सिंहाच्या शिकारीच्या चित्रात रेषा धारदार यावी म्हणून भाजलेल्या मातीच्या पातळ पट्ट्या बसवल्या. हरणाच्या शिकारीच्या चित्रात दोन तरुण आणि एक कुत्रा, अंगावर सावल्या, मागे उडणारे झगे, आणि वरच्या बाजूला सही, ग्नोसिसने केलं. जमिनीवर सही करणारा आपल्याला माहीत असलेला हा अगदी पहिल्या कारागिरांतला एक. कला म्हणून बघितलं तर पेल्ला कुठल्या कुठे पुढे आहे, हे मान्य करायलाच हवं, ते हरीण बघताना श्वास अडकतो. पण मन माझं ऑलिंथसच्या सपाट पेगाससकडे जातं, कारण तो 17 मीटरच्या घरात होता, पलीकडे माग उभा होता आणि ओसरीत ऊन येत होतं.

गोट्यांची जागा मग कापलेल्या चौकोनी तुकड्यांनी घेतली, तिसऱ्या शतकात, सिसिलीतल्या मॉर्गान्टिनाला तो बदल होताना दिसतो. आणि तिथून डेलोस.

डेलोस हे छोटं, जवळजवळ पाणी नसलेलं बेट, इ.स.पू. 166 च्या सुमाराला रोमने ते करमुक्त बंदर केलं आणि सगळ्या भूमध्य समुद्राचे व्यापारी तिथे येऊन राहिले. घरं खेटून खेटून. पावसाचं पाणी अंगणात पडायचं आणि खालच्या टाकीत साठायचं, आणि त्या टाकीवरच्या अंगणात आता मोझॅक आलं. डॉल्फिनच्या घरात अंगणाच्या मधोमध वर्तुळात वर्तुळ अशी नक्षी, चार कोपऱ्यांत डॉल्फिनच्या जोड्या, आणि सही अॅस्क्लेपियाडीसची, फिनिशियातल्या अॅराडोसचा. त्याच घराच्या प्रवेशाजवळ फिनिशियन लोकांच्या तानित देवीचं चिन्ह, म्हणजे मालकही तिकडचाच असावा. पाहुण्यांच्या खोल्या इथेही आहेतच आणि त्यात झळकणारे डायोनिससही आहेत, पण मला डेलोसमध्ये आनंद होतो तो अंगणासाठी. ज्या जमिनीवर पाणी काढायला येणारी बाई चालते, पोर धावतं, गुलाम घडे ठेवतो, तिथे डॉल्फिन आले. मुद्दाम त्यांच्यासाठी नाही, हे मला कळतं, दारातून दिसावं म्हणून. तरी आले.

आणि त्याच बेटावर एका घराच्या अंगणात दोन संगमरवरी पुतळे सापडले, डोकी गेलेली, अंगावरची वस्त्रं अजून सुरेख. खालचा लेख इ.स.पू. 138-137 चा. त्यात म्हटलंय की अथेन्सच्या मुलखातल्या मिरिनस गावच्या अॅड्रास्टसची मुलगी क्लिओपात्रा हिने आपला नवरा डायोस्कुरिडीस याचा पुतळा उभारला, त्याने अपोलोच्या देवळात चांदीच्या दोन तिवया अर्पण केल्या म्हणून. अर्पण त्याने केलं, लेखाचा कर्ता ती, आणि आज ते घर क्लिओपात्राचं घर म्हणूनच ओळखलं जातं.